देवाशी भांडण

(दहावी १९८१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात झालेलं भाषण. बोललेलं जसंच्या तसं छापावं, अशी समितीची इच्छा असल्यामुळे फारसे बदल केलेले नाहीत.)



मला व्यासपीठावर बोलायची सवय नाही. आठवीत असताना १५ ऑगस्टच्या भाषणात मी तिसऱ्या वाक्याला अडकलो आणि खाली उतरून थेट बोर्डिंगात जाऊन बसलो, हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. त्यानंतर आजच उभा राहतो आहे. समितीनं सांगितलं, १५ मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, फक्त कुणाला रडवू नकोस. विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. तो प्रश्न तुम्हीच मला कितीतरी वर्षं विचारत आला आहात.

तुमच्यातल्या चौघांची घरं मी बांधली आहेत. वास्तुशांतीला मी नेमका पूजा आटोपल्यावर, पंगत बसायच्या वेळेला येतो, अशी तुम्ही चेष्टा करता. आज सकाळीही तेच झालं. दीपप्रज्वलनाला मला पुढं बोलावलं आणि मी नको म्हणालो. आपली शाळेची प्रार्थना झाली तेव्हा सगळ्यांचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते. माझे हात मागं होते. चहाच्या वेळी एकानं विचारलंच, "अरे, बोर्डिंगात सगळ्यात मोठ्यानं आरती म्हणणारा तूच होतास ना? तुला झालं तरी काय?"

त्याचं खरं आहे. बोर्डिंगात गणपतीचे दहा दिवस झांजा माझ्याच हातात असायच्या. आमच्या घरी पंढरीची वारी होती. वडील आषाढीला, आई कार्तिकीला. देव आहे की नाही हा प्रश्न मला २८ व्या वर्षापर्यंत पडलाच नव्हता. पाऊस पडतो, एस. टी. येते, तसा देव असतो, एवढंच माझं त्याबद्दलचं मत होतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. परवाच्या ३० सप्टेंबरला त्याला ३० वर्षं पूर्ण झाली. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ती तारीख वेगळी सांगायला नको. पण स्मरणिका आपली मुलं-नातवंडंही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमचं गाव तेरणेच्या काठावरचं, किल्लारीच्या शेजारचं. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर, किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले होते. जमिनीतून गडगड आवाज यायचा. लोक काही दिवस अंगणात, शेतात झोपले. मग आवाज थांबले, थंडी वाढली, आणि सगळे परत घरात आले. भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लोक म्हणत, दख्खनचा दगड आहे हा, तो कुठं हलणार.

२९ तारखेला अनंत चतुर्दशी. मंडळाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालली. लेझीम, गुलाल, सगळं झालं. माझी बायको तेव्हा माहेरी होती, सासूबाई आजारी होत्या म्हणून. चार वर्षांची आमची लेक मात्र गेली नाही. तिला गणपती बघायचा होता. मिरवणुकीत ती माझ्या खांद्यावर बसली आणि खांद्यावरच झोपली. मी तिला घरी नेलं, आत तिच्या आजोबांच्या शेजारी झोपवलं, पांघरूण घातलं आणि परत मिरवणुकीत आलो. तेरणेत गणपती सोडला. पुढच्या वर्षी लवकर या, असं सगळ्यांबरोबर मीही ओरडलो. मग मंडळाचं सामान, लाऊडस्पीकर, पाइप सांभाळायला आम्ही सात-आठ पोरं शाळेच्या पटांगणात झोपलो. माझा धाकटा भाऊही तिथंच होता.

३ वाजून ५६ मिनिटांनी आम्हाला जमिनीनं उचलून आपटलं. उभं राहता येईना. आवाज थांबला तेव्हा गावाच्या जागी धुळीचा एक ढग होता, आणि त्या ढगातून माणसांचे आवाज येत होते.

घराकडं धावत गेलो तर घर कुठलं ते ओळखू येईना. हातानंच दगड उपसले. आई दिवस उगवल्यावर सापडली. ती दाराशी झोपली होती, चौकट तिच्यावर आडवी राहिली म्हणून वाचली. पाय मोडला होता. भावाची बायको गेली. वडील आणि माझी लेक दुपारनंतर सापडले. वडिलांचा हात तिच्या अंगावर होता.

पुढचं मी फार सांगणार नाही. ५२ गावं जमीनदोस्त झाली, आठ ते दहा हजार माणसं गेली. जाळायला लाकूड नव्हतं. ज्या तुळयांखाली माणसं सापडली त्याच तुळया सरणाला घेतल्या. वरून पाऊस सुरू झाला होता. सैन्याचे जवान आले, गावोगावचे लोक भाकरी घेऊन आले. तुमच्यातलेही आले. एक जण तर माझ्यासाठी स्वतःच्या अंगातला शर्ट काढून ठेवून गेला. तो आज इथं आहे. त्याला ते आठवतही नसेल.

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवसांत लोक मला जे बोलले त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. "तुला गणपतीनंच वाचवलं." पाहुणे म्हणाले, पुढारी म्हणाले, कपडे वाटायला आलेले लोक म्हणाले. सगळे चांगल्या मनानं म्हणाले. खरंही होतं, त्याच्या मिरवणुकीला गेलो म्हणून मी बाहेर होतो. पण मला वाचवणारा जर तो असेल, तर घरात झोपलेल्या चार वर्षांच्या पोरीला सोडून देणाराही तोच. तिला तर त्याला बघायचं होतं म्हणून ती माहेरी गेली नव्हती. दहा दिवस आमच्या गावात राहिला, मोदक खाल्ले, रात्री बाराला निरोप घेतला आणि चारला गाव गाडलं. पाहुणाही असं करत नाही.

मला राग आला, हे सांगायला तोंड कमी पडतं. पुढच्या वर्षी तात्पुरत्या पत्र्याच्या शेडांत लोकांनी लहानसा गणपती बसवला, तेव्हा मी रात्री त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि जेवढ्या शिव्या मला येत होत्या तेवढ्या दिल्या. त्यातल्या बऱ्याच मी आपल्या बोर्डिंगात शिकलो होतो. त्यानंतर हात जोडले नाहीत.

लोकांनी कारणं पुष्कळ सांगितली. कुणी म्हणालं पाप वाढलं होतं. कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं कर्म. कुणी म्हणालं देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. एका बाईनं मला सांगितलं, तुझी पोर देवाला आवडली म्हणून त्यानं नेली. मी म्हटलं, मलाही आवडत होती.

याच काळात आपले इतिहासाचे सर शेडात आले. सर समोर बसले आहेत, त्यांच्यादेखत सांगतो. भूकंपाला सहा-सात दिवस झाले असतील. एस. टी. बंद होत्या तिथून पुढं ते चिखलातून चालत आले. आले आणि माझ्याशेजारी पोत्यावर बसले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मदतीत आलेले तांदूळ निवडायचे होते, ते ताटात घेऊन त्यांनी खडे काढायला सुरुवात केली. मग विचारलं, "मुलीचं नाव काय होतं रे?" मी सांगितलं. "बोलायची कशी?" मी सांगितलं, ती 'र' ला 'ल' म्हणायची, आजोबांच्या टोपीत शेंगा भरून ठेवायची. अर्धा तास मी बोलत होतो आणि सर खडे काढत होते. तोपर्यंत मृतांच्या यादीत लिहायला म्हणून तिचं नाव मला पुष्कळांनी विचारलं होतं. ती कशी होती हे विचारणारे सर पहिले.

पुढं काही महिन्यांनी मीच सरांच्या घरी गेलो. सरळ विचारलं, "सर, आमच्या गावानं असं काय पाप केलं होतं?" सरांनी मला वर्गात सांगावं तसं सांगितलं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या घडामोडींची माणसाच्या पापपुण्याशी अशी सांगड घालू नका, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि उत्तरही दिलं, पण स्वतःचं मत सोडलं नाही. सर म्हणाले, "गांधीजींचा हेतू चांगला होता, अस्पृश्यता जावी हा. पण त्या भूकंपात अस्पृश्यही मेलेच की. एवढ्या मोठ्या माणसाचा हिशेब जुळला नाही, तर तुझ्या शेडात येणाऱ्यांचा कुठून जुळणार?"

माझ्या गावात पाहिलं तर हिशेब उलटाच होता. मोठमोठ्या दगडी घरांत जास्त माणसं गेली. कुडाच्या, छपराच्या झोपडीत झोपलेले बरेच वाचले. हे असं का, याचं उत्तर मला पुनर्वसनाच्या कामावर मिळालं, आणि त्या उत्तरानं माझी झोप आणखी उडाली.

नवीन गावं बसवायचं काम निघालं, त्यावर मी मुकादम म्हणून लागलो. तिथं एका इंजिनिअर साहेबांनी आम्हा लोकांना एक अर्धवट पडलेली भिंत दाखवली. आपल्याकडची भिंत दोन-तीन फूट रुंद, बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड कुठंच नाही. हादरा बसला की बाहेरचा थर बाहेर पडतो, आतला आत. मग ते माळवदाकडं वळले. लाकडावर फूट-दीड फूट माती, कुठं कुठं त्याहून जास्त. "माती एवढी का?" त्यांनी विचारलं. आमच्यातला एक म्हणाला, "साहेब, दरवर्षी मिरगाच्या आधी टाकावी लागते. नाही तर गळतं." साहेब म्हणाले, "म्हणजे दरवर्षी छप्पर जड होत गेलं."

मी तिथून बाजूला गेलो आणि ओकलो.

मित्रांनो, त्या वर्षीच्या मिरगाच्या आधी आमच्या माळवदावर माती मी टाकली होती. मी आणि माझ्या भावानं. चार गाड्या पांढरी माती आणली, पाट्या भरभरून वर चढवली, पसरली, चोपली. वडील खालून सांगत होते, कोपऱ्यात अजून दोन पाट्या टाका, तिथं गळतं. त्याच कोपऱ्याखाली ते दोघं झोपले होते. आणि तिला तिथं नेऊन झोपवणाराही मीच.

हे मी ३० वर्षांत तुमच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. भावाशीही बोललो नाही. तो पुण्याला गेला, तिकडंच राहिला. आम्ही भेटतो, पोराबाळांचं बोलतो, मातीचं बोलत नाही. तेव्हापासून देवावरचा माझा राग दुप्पट झाला. आता मला कळतं की त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता. स्वतःला शिव्या देता येत नाहीत म्हणून त्या मी गणपतीला देत होतो. तो उलटून बोलत नाही, ही त्याची सोय होती.

आता आईचं सांगतो, कारण मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

आमच्या देव्हाऱ्यातले टाक आणि लहानसा पितळी विठोबा ढिगाऱ्यातून सापडला होता. पाय बरा झाल्यावर आईनं पहिलं काम केलं ते हे, की शेडात एका घंगाळात पाणी भरलं आणि सगळे देव त्यात बुडवले. आपल्याकडं पाऊस पडत नसला, घरात कुणी अत्यवस्थ असलं, की देव पाण्यात ठेवतात, माझं ऐकेपर्यंत तिथंच राहा म्हणून. आईचं मागणं काय होतं? मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मागायचं काय न्हाई. गुदमरू दे जरा. आमची गुदमरली तशी."

पण एक गोष्ट होती. रोज सकाळी ती त्या घंगाळातलं पाणी बदलायची आणि पाणी बदलताना देवाशी भांडायची. मोठ्यानं. शेजारच्या शेडातल्यांना ऐकू जायचं. "उठलास का? झोप लागली का? माझी नात कुठंय?" असं सगळं. मी देवाला शिव्या देऊन बोलणं बंद केलं होतं. आईनं बोलणं एक दिवसही बंद केलं नाही. आणि माझी बायको भूकंपानंतर सोमवार धरायला लागली, आजतागायत धरते, आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. एका पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं तीन तऱ्हेनं राहत होतो. ही कुणाची चूक नव्हती.

असं तीन-चार वर्षं चाललं. आम्हाला मुलगा झाला. १९९७ च्या कार्तिकीला आई म्हणाली, मला पंढरपूरला ने. मला वाटलं, भांडण मिटलं. मी विचारलं, तर म्हणाली, "घरातला बारका हाय. मोठ्याला तोंडावर विचारायचंय."

गर्दी अफाट. दर्शनाच्या रांगेत तिचा पाय टिकेना, म्हणून आम्ही महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी बाजूला थांबलो. तिथं चोखोबांची समाधी आहे. आईनं त्या जागी शेकडो वेळा डोकं टेकलं असेल, पण तिला चोखोबांची भक्ती माहीत, मरण माहीत नव्हतं. शेजारी एक म्हातारे वारकरी बसले होते. त्यांनी सांगितलं, "माउली, चोखोबा मंगळवेढ्याचे. तिथं गावकुसाचं काम चाललं होतं. भिंत पडली आणि हे तिच्याखाली गेले, बाकीच्या मजुरांबरोबर. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून इथं आणल्या. कुणाच्या कोणत्या, हे कसं कळावं? तर ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं सांगतात."

आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ह्येच्यावरबी भिंतच पडली?"

"होय माउली."

"एवढा भक्त. आन् त्येलाबी वाचवलं न्हाई त्यानं?"

त्या म्हाताऱ्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांचे मी आजही आभार मानतो. कुणी दुसरा असता तर देवाची लीला म्हणाला असता.

आई तिथंच पायरीच्या कडेला बसली आणि रडली. चार वर्षांत पहिल्यांदा रडली. चोखोबांना हयातीत या दारातून आत जाऊ दिलं नव्हतं, आणि मरण आलं ते दुसऱ्यांच्या गावाची भिंत बांधताना. बऱ्याच वेळानं ती मला म्हणाली, "म्हंजे आपल्या पोरीवर त्येचा राग न्हवता. राग असता तर ह्येच्यावर कशाला पडली असती भिंत?"

एवढंच वाक्य. गांधीजी आणि रवींद्रनाथांचा जो वाद सरांनी मला समजावला होता, तो आईनं पायरीवर बसून आपल्यापुरता सोडवला. पोरीचा काही गुन्हा नव्हता. कुणाचाच नव्हता.

त्या रात्री पंढरपूरच्या स्टँडवर एस. टी. ची वाट बघत बसलो होतो. कशी कोण जाणे, माझ्या तोंडून मातीची गोष्ट निघाली. चार गाड्या, कोपऱ्यातल्या दोन पाट्या, तिला मीच आत झोपवलं ते. सगळं. आईनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "कशाला रडालास? माती तुझ्या बापानंबी टाकली, त्येच्या बापानंबी टाकली. लेकरं भिजू नयेत म्हणून टाकली. मारायला टाकली का?"

मी म्हटलं, "मग तू देवाला माफ केलंस का?"

"न्हाई," ती म्हणाली. "त्येचं त्येनं सांगावं. पर तुझं तू सोड."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं देव पाण्यातून काढले, पुसले आणि फळीवर मांडले. मला वाटलं, आता तरी भांडण संपलं. पण सकाळी पुन्हा तोच आवाज, "उठलास का? माझी नात कुठंय?" मी म्हटलं, आई, मग पाण्यातून काढलंस कशाला? ती म्हणाली, "पाण्यात तोंड दिसत न्हाई. भांडायला समोर पायजे." २०११ साली ती गेली. तोपर्यंत ती रोज भांडली आणि रोज त्याला फूल वाहिलं. दोन्ही एकाच हातानं.

हे सगळं मी पुढं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुझ्या आईनं काही नवीन केलं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. त्यांनी विठोबाला काय काय सुनावलं आहे ते गाथेत वाच. जनाबाईनं तर त्याला अरे-तुरे करून शिव्याशाप दिले आहेत. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याचे अभंग वाच, केवढी चीड आहे त्यात. आणि लोकांनी हे सगळं जपून ठेवलं. कुणी म्हटलं नाही की हे देवाला लागेल, गाळून टाका."

मी वाचलं. आपल्याला शाळेत संतांचे गोड गोड अभंग होते. परीक्षेला येतील तेवढे. भांडणाचे नव्हते, किंवा असतील तर माझं लक्ष नव्हतं. सर, हे शाळेवर टीका म्हणून म्हणत नाही. १४ व्या वर्षी ते कळलंही नसतं.

आता मी कुठं आहे ते सांगतो. माझी श्रद्धा परत आली, असा शेवट तुम्हाला हवा असेल तर माझ्याकडं तो नाही. तसंच देव नाही असं ठामपणे सांगण्याइतका मी शिकलेलाही नाही. मला त्या पहाटेचं उत्तर मिळालेलं नाही. प्रार्थनेला माझे हात अजून जुळत नाहीत. पण मी शिव्या देऊन निघून जात नाही, उभा राहतो. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री मी झोपत नाही. चार वाजेपर्यंत अंगणात बसतो आणि आईसारखं विचारतो, माझी पोर कुठंय. काही ऐकू येत नाही. पण ज्याच्यावर मी इतकी वर्षं रागावलो आहे तो माझ्यासाठी अगदीच कुणी नाही, असं म्हणणं मला खोटं वाटतं. रागही एक नातंच आहे. तेवढं माझं आहे.

आणि काम आहे. तुमच्या घरांच्या वेळी मी तुमच्याशी किती भांडलो ते आठवा. पट्टीच्या बीमचे पैसे वाचवू म्हणालात, मी ऐकलं नाही. दगडी कंपाउंडलाही आरपार दगड टाकायला लावले. तुम्ही म्हणालात, कॉन्ट्रॅक्टर खर्च वाढवतो. तुमच्या वास्तुशांतीला मी पूजेला बसलो नाही, पण तुमची लेकरं ज्या छपराखाली झोपतात ते किती जड आहे हे मी तीनतीनदा बघितलं आहे. माझी पूजा तेवढीच.

शेवटचं एकच. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. २०२१ च्या कोरोनात आपल्या तुकडीतल्या कुणी नवरा गमावला, कुणी भाऊ, कुणी तरणा मुलगा. यापुढं आपण एकमेकांच्या दारात अशाच प्रसंगाला जास्त जाणार आहोत. माझी विनंती आहे की तिथं जाऊन कारण सांगू नका. देवाची इच्छा होती, म्हणू नका. तुला तरी वाचवलं, हे तर मुळीच म्हणू नका. समोरचं माणूस देवाला शिव्या देत असेल तर देऊ द्या, देवाचं वकीलपत्र घेऊ नका. तो बघून घेईल. आपण शेजारी बसावं, तांदूळ निवडायचे असतील तर निवडावेत, आणि गेलेलं माणूस कसं होतं ते विचारावं.

सर, त्या दिवशी तुम्ही ताटभर खडे काढलेत आणि जाताना एवढंच म्हणालात, "परत येतो." आणि परत आलात. तुमचे आभार मानायला मला ३० वर्षं लागली.

उद्या सकाळी परत प्रार्थना आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत दिसतंय. मी शेवटच्या ओळीत उभा राहीन. हात मागं असतील, डोळे उघडे असतील. कुणी वाईट वाटून घेऊ नका.

जेवणाच्या वेळेला मी आहेच.